चौसष्ट चाचण्या

चष्मेवाला : थांब. ही ओळ तू वाचत नाहीयेस.

प्राध्यापिका : वाचतेय की. र, ग, प, च, म, ट. चुकलं का काही?

चष्मेवाला : अक्षरं सगळी बरोबर आहेत. पण उजवा डोळा तपासताना हीच ओळ होती, तेव्हा ती तुझी पाठ झाली. डाव्याने तुला तिसऱ्या ओळीखाली काही दिसत नसणार, आणि तू पाचवी घडाघडा म्हणतेयस.

प्राध्यापिका : सवय आहे रे. उत्तर माहीत असलं की तोंड बंद ठेवता येत नाही.

चष्मेवाला : म्हणून तर तीन तक्ते ठेवलेत. हा काढतो, दुसरा लावतो. हनुवटी सरळ. फ्रेमला हात लावू नकोस, काच पडेल.

प्राध्यापिका : दहा मिनिटं झाली मला या खुर्चीत. तू मला ओळखलंस की नाही, तेवढं तरी सांगशील?

चष्मेवाला : दारातून आत आलीस तेव्हाच.

प्राध्यापिका : मग बोलला का नाहीस?

चष्मेवाला : तू म्हणालीस, डोळे तपासायचेत. मी डोळे तपासतोय.

प्राध्यापिका : बावीस वर्षांनी भेटतोय आपण, शंकासुर.

चष्मेवाला : त्या नावाने आता कोणी हाक मारत नाही. सरळ बघ. हे बरं, की हे?

प्राध्यापिका : पहिलं. नाही, दुसरं... अरे, दोन्ही सारखीच वाटतात.

चष्मेवाला : सारखीच वाटतात तर सारखीच म्हणायचं. मला खूश करायला निवड करायची नसते.

बायको : अहो, त्या निळ्या फ्रेमची काडी बसवून झाली. त्या आजी संध्याकाळी येतायत. आणि पडदा असा अर्धा काय ठेवलाय, तक्त्यावर उजेड येतोय. तुम्ही बसा हो, उठू नका. नवीन आहात का?

प्राध्यापिका : नवीन... म्हणजे दुकानात नवीन. यांना मी जुनीच आहे. नमस्कार, वहिनी.

चष्मेवाला : माझ्याबरोबर होती. सरांकडे, संशोधनाला.

बायको : म्हणजे ठिपकेवाल्या?

चष्मेवाला : हं.

बायको : बरं. मग मी इथेच बसते. बाहेर आत्ता कुणी नाही.

प्राध्यापिका : ठिपके! ते नाव तुम्हालाही ठाऊक आहे?

बायको : मला सगळं ठाऊक आहे. लग्न ठरलं तेव्हा हे म्हणाले, मी आधी स्फोटांवर काम करायचो. माझ्या बाबांना वाटलं, खाणीत होते. बाबा म्हणाले, मग हात थरथरत असतील, काचा कशा घासणार?

प्राध्यापिका : मग? काय सांगितलंस तू?

चष्मेवाला : सांगितलं, लांब कुठेतरी एखादा तारा मरतो, काही सेकंद डोळे दिपवणारे किरण सुटतात, उपग्रह त्याची जागा टिपतो. आम्ही नकाशावर ठिपका देतो. मग बघतो, ठिपके आकाशभर सारखे पसरलेत की कुठे गर्दी आहे.

बायको : बाबा म्हणाले, त्याला पगार मिळतो?

प्राध्यापिका : मिळायचा. थोडा.

बायको : मला खरं कधी समजलं माहितीये? माझ्या हातून स्क्रूची डबी सांडली. चष्म्याचे ते मुंगीएवढे स्क्रू, या फरशीवर सगळीकडे. मी रडकुंडीला आले आणि हे खडू घेऊन टेबलाच्या पायाशी वर्तुळ काढतायत! म्हणे बघ, इथे सतरा पडलेत, बाकी सगळीकडे विरळ. आता मी म्हणू शकतो की या पायात चुंबक आहे. पण वर्तुळ मी स्क्रू बघून काढलंय. सांडायच्या आधी काढलं असतं तर गोष्ट वेगळी. मी म्हटलं, आधी स्क्रू वेचा.

प्राध्यापिका : सतरा म्हणाला?

बायको : हो. का?

प्राध्यापिका : आमच्या गर्दीतही सतराच स्फोट होते. आकाशाच्या एका तुकड्यात सतरा, जिथे सहा असायला हवे होते. उपग्रह काही सगळीकडे सारखा वेळ बघत नाही, पृथ्वी मध्ये येते, तो सगळा हिशेब धरून सहा. मग आम्ही संगणकावर दहा हजार खोटी आकाशं केली, ठिपके वाटेल तसे उधळून. त्यांतल्या फक्त पाचांत तेवढी गर्दी सापडली. दहा हजारांत पाच. म्हणजे दोन हजारांत एक.

चष्मेवाला : आता डोळे मीट. थोडा आराम दे त्यांना. कशाला आलीयेस?

प्राध्यापिका : चष्म्याला. खरंच. नकाशे धूसर दिसायला लागलेत.

चष्मेवाला : तुझ्या गल्लीत चष्म्याची चार दुकानं असतील.

प्राध्यापिका : ...नवी यादी आली, गेल्या महिन्यात. दोन उपग्रहांची मिळून. आपल्या वेळच्या दुप्पट स्फोट. या वेळी मी सगळं नीट केलं. यादी उघडायच्या आधी कागदावर लिहून ठेवलं: तोच तुकडा, तोच आकार, तसलेच मध्यम लांबीचे स्फोट, एकच चाचणी. लखोटा बंद करून कार्यालयात दिला. मग यादी उघडली. तेरा असायला हवे होते.

चष्मेवाला : आणि?

प्राध्यापिका : बारा.

चष्मेवाला : हं.

प्राध्यापिका : एवढंच? हं? माझा सगळा जन्म त्या गर्दीवर उभा आहे. पद, पुस्तक, व्याख्यानं. लोक मला त्या गर्दीच्या नावाने ओळखतात. आणि ती गर्दी नाहीच.

चष्मेवाला : मला काही नवीन सांगत नाहीयेस तू.

बायको : अहो, जरा नीट बोला की. माणूस आपणहून दारात आलंय.

प्राध्यापिका : असू दे वहिनी, त्याचा हक्क आहे. पण मी त्यासाठीही आले नाही. माझ्याकडे एक मुलगी आहे, प्रबंधाला. हुशार, चिकट, रात्रंदिवस खपणारी. पाच वर्षं तिने त्याच गर्दीवर घातली. ती गर्दी कशाने झाली असेल, हा तिचा विषय. बारा आले तशी ती उठून गेली. दोन दिवस दिसली नाही, आणि मग तोंड उजळून आली. म्हणाली, मॅडम, सापडली! फक्त अंधुक स्फोट घ्यायचे, जवळचे वगळायचे, तुकडा जरा लांबट करायचा. चारशेत एक येतंय.

चष्मेवाला : किती वेळा कापून बघितलं तिने?

प्राध्यापिका : तेच मी विचारणार होते. त्याआधी तिनेच मला विचारलं. काल दुपारी, माझ्या टेबलाशी उभी राहून. किती चाचण्या केल्या असं लिहू मॅडम? तुमच्या पेपरात तीन लिहिलंय. मीही तीनच लिहू का?

चष्मेवाला : काय म्हणालीस?

प्राध्यापिका : म्हणाले, उद्या सांगते.

बायको : देवा रे.

प्राध्यापिका : ते उद्या म्हणजे आज. ती तिकडे बसलीये माझ्या फोनची वाट बघत. मला ती वही हवीये. निळी. ज्यात आपण प्रत्येक चाचणीची नोंद करायचो.

चष्मेवाला : वही नाही. टाकली मी. तेव्हाच.

बायको : अहो.

चष्मेवाला : तू बाहेर बघ जरा. कुणीतरी आल्यासारखं वाटतंय.

बायको : कुणी आलेलं नाही. पण बघते.

प्राध्यापिका : खरंच टाकलीस?

चष्मेवाला : तुला वही कशाला लागते? चाचण्या तूच करायचीस. बटण तुझ्या बोटाखाली असायचं. चौसष्ट होत्या हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

प्राध्यापिका : दुसऱ्या कुणाला नाही. जुनं यंत्र भंगारात गेलं, त्याच्याबरोबर त्याच्यातल्या नोंदीही गेल्या. मी नुसतं तोंडाने सांगितलं तर म्हणतील, बाईंना बारा झोंबले, म्हणून आता काहीतरी बोलतायत. आणि दुसरं... तुझ्यापासून काय लपवायचं. वही समोर नसली तर फोन उचलल्यावर मी पुन्हा तीनच म्हणेन, याची मला भीती वाटते. इतक्या वेळा म्हटलंय की जिभेला वळण पडलंय.

चष्मेवाला : पाठ झालंय.

प्राध्यापिका : हो. पाठ झालंय. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी खोटं बोलतेय असं मला वाटलंही नव्हतं, बघ. म्हणजे वाटलं होतं, पण मी स्वतःची समजूत काढली होती. लांब स्फोट घेऊन बघितले, आखूड घेऊन बघितले, तेजस्वी, अंधुक, शेजाऱ्यांमधलं अंतर, लहान वर्तुळ, मोठं वर्तुळ, ते सगळं नुसतं बघणं होतं. मला खऱ्या चाचण्या वाटल्या त्या शेवटच्या तीन. जिथे काही सापडलं त्या.

चष्मेवाला : जिथे सापडलं नाही ते मोजायचं नाही.

प्राध्यापिका : तू तेव्हा हेच म्हणाला होतास. याच आवाजात. चौसष्ट वेळा जाळं टाकलं तर दोन हजारांत एकाचं एकतीसात एक होतं, आणि एकतीसात एक म्हणजे बातमी नव्हे.

चष्मेवाला : सर टेबलाच्या टोकाला होते. हातात खडू. अकरा माणसं. पेपर दुसऱ्या दिवशी जायचा होता. त्यांनी सरळ तुझ्याकडे बघून विचारलं, किती चाचण्या झाल्या?

प्राध्यापिका : मी म्हणाले, तीन.

चष्मेवाला : मी म्हणालो, चौसष्ट.

प्राध्यापिका : सर म्हणाले, कशावरून?

चष्मेवाला : आणि मी गप्प बसलो.

प्राध्यापिका : का? अरे, वही तुझ्या पायाशी पिशवीत होती. तिचा निळा कोपरा मला दिसत होता. बावीस वर्षं मी एवढंच विचारतेय स्वतःला. का काढली नाहीस?

चष्मेवाला : मला वाटलं, तू म्हणशील.

प्राध्यापिका : काय?

चष्मेवाला : मी मनात आकडे मोजत होतो. म्हटलं, वीसपर्यंत मोजू, तेवढ्यात ही म्हणेल, सर, माझं चुकलं, चौसष्ट. मग कुणी चोर ठरणार नाही. वही टेबलावर आपटली असती तर तू सगळ्यांसमोर खोटी ठरली असतीस. वीस झाले. मग चाळीसपर्यंत मोजले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, शंकासुराला ठिपके खुपतायत, आणि सगळे हसले. तूही हसलीस.

प्राध्यापिका : हसले.

चष्मेवाला : मग मी उठलो.

प्राध्यापिका : आणि मी काय करत होते माहितीये? मीही वाट बघत होते. हा आता वाकेल, पिशवी उघडेल, वही काढेल आणि मी सुटेन. मला नुसतं मान खाली घालायची होती. तेवढं धैर्य होतं माझ्यात, त्याहून जास्त नव्हतं. तू दाराबाहेर गेलास तेव्हा मला तुझा राग आला. तुझा! म्हणजे बघ.

चष्मेवाला : मागे मानही वळवली नाही मी. चूक केली.

प्राध्यापिका : तू कसली चूक केलीस?

चष्मेवाला : वही घेऊन गेलो ना. ती काही माझी नव्हती. सरांची होती, तुझी होती, त्या अकरा जणांची होती. ती तिथे ठेवली असती तर कुणीतरी उघडली असती. तुझी ती मुलगी पाच वर्षं नसलेल्या गोष्टीचं कारण शोधत बसली नसती. मी म्हटलं, करा काय करायचं ते. फुगून बसलो. फुगून बसायला बावीस वर्षं फार झाली.

प्राध्यापिका : सर गेले, कळलं असेल तुला.

चष्मेवाला : कळलं.

प्राध्यापिका : शेवटच्या आठवड्यात मी रोज जायचे हॉस्पिटलात. बोलणं जवळजवळ बंद होतं त्यांचं. एके दिवशी उशाला हात फिरवायला लागले, तेव्हा लक्षात आलं, चष्मा हवाय. तो तपकिरी. घालून दिला. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, तीनच होत्या ना गं?

चष्मेवाला : कोणता तपकिरी?

प्राध्यापिका : अरे, मी तुला काय सांगतेय आणि तू...

चष्मेवाला : डाव्या काडीला एक स्क्रू जरा जाड होता का?

प्राध्यापिका : होता. तो टोचतो म्हणायचे, पण बदलू द्यायचे नाहीत. तुला कसं माहीत?

चष्मेवाला : तू काय उत्तर दिलंस त्यांना?

प्राध्यापिका : म्हणाले, हो सर. तीनच. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले. दोन दिवसांनी गेले. मरणाऱ्या माणसाने विचारलं रे. माझं काय जाणार होतं? पदं मिळून झाली होती, पुस्तक निघून झालं होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तरी तीन.

बायको : ही घ्या.

चष्मेवाला : कुठून काढलीस?

बायको : होती तिथूनच. फ्रेमच्या कपाटात, वरच्या खणात, मी ठेवली तिथे. मागच्या वेळी तुम्ही सरांना नाही म्हणालात तेव्हा मी काउंटरमागे होते, आणि गप्प बसले. म्हटलं नवरा-बायकोत काय असेल ते घरी बोलू. घरी कधी बोललो नाही. आज मी गप्प बसणार नाही.

प्राध्यापिका : सरांना? सर इथे आले होते?

बायको : सांगा आता. की मी सांगू?

चष्मेवाला : ते गेले त्याच्या वर्षभर आधी. दुपारीच, अशाच वेळी. जवळचं दिसत नाही म्हणाले. याच खुर्चीत बसवलं मी त्यांना. एक शब्द जुना काढला नाही, त्यांनी नाही की मी नाही. तक्ता वाचला. तिसऱ्या ओळीनंतर थांबले. म्हणाले, पुढची अक्षरं मला ओळखू येतायत, मघाशी दुसऱ्या डोळ्याने वाचलीत, पण दिसत नाहीयेत. तेव्हा धरू नकोस. इतक्या वर्षांत तसं म्हणणारं ते एकच गिऱ्हाईक.

बायको : आठ दिवसांनी चष्मा न्यायला आले. यांनी स्वतः नाकावर बसवून दिला, काड्या वाकवून बघितल्या, पुन्हा बसवून दिला. मला आपलं वाटत होतं, आता बोलतील, आता बोलतील.

चष्मेवाला : दारापर्यंत गेले आणि वळले. म्हणाले, तुझी ती निळी वही आहे का रे अजून?

प्राध्यापिका : आणि तू...

चष्मेवाला : नाही म्हणालो. टाकली, सर. असू दे म्हणाले. चष्मा छान झालाय म्हणाले. आणि गेले. काउंटरपासून सात पावलांवर होती वही. नंतर मोजली मी पावलं.

प्राध्यापिका : का रे? तुला काय भीती होती?

चष्मेवाला : भीती नाही. राग. म्हटलं, तेव्हा विचारलं होतं कशावरून, आणि वाट बघितली नाही. आता कशाला? माणूस काठी टेकत तीन जिने उतरून आला होता विचारायला. मी त्याला रागाने परत पाठवला.

प्राध्यापिका : म्हणजे आधी तुझ्याकडे आले. तू वही नाही म्हणालास. म्हणून मग मला विचारलं.

चष्मेवाला : दोघांनाही विचारलं त्यांनी. दोघांनीही फसवलं.

बायको : मी तिसरी. मलाही धरा त्यात. मी तुमच्यावर चिडून होते मॅडम, खरं सांगते. लग्न झालं तेव्हा हे दिवसभर मान खाली घालून काचा घासायचे, जेवताना मध्येच थांबायचे. मला वाटायचं, कोण ती बाई, एकदा समोर यावी. आता समोर आहात तर मला चिडता येत नाहीये. तुम्ही दोघंही सारखेच दिसताय.

प्राध्यापिका : उघडू?

चष्मेवाला : तुझीही आहे.

प्राध्यापिका : नोंद एक. दोन. तुझं अक्षर तेव्हाही असंच होतं, औषधाच्या चिठ्ठीसारखं. नोंद अकरा, आखूड स्फोट, शेजाऱ्यांमधलं अंतर, विशेष काही नाही. दोन सह्या. आधी नोंद, मग बटण. किती चेष्टा करायचो आम्ही तुझ्या या नियमाची. सर म्हणायचे, ही काय दुकानाची वही आहे का?

बायको : झाली ना शेवटी. मागून उघडा.

प्राध्यापिका : हे काय? उजवा अधिक दीड, डावा अधिक दोन, वाचायला... हे तर गिऱ्हाइकांचे नंबर आहेत.

चष्मेवाला : पहिल्या वर्षी वेगळी वही नव्हती. मागची पानं कोरी होती.

प्राध्यापिका : इथेही नंबर लिहिल्यावर तुझी सही. अरे, गिऱ्हाइकाचीही?

चष्मेवाला : सवय.

प्राध्यापिका : साठ... त्रेसष्ट... ही. चौसष्ट. मध्यम लांबी, सतरा, अपेक्षित सहा. तुझी सही आहे. माझी जागा रिकामी. मी सही केलीच नाही?

चष्मेवाला : मी नोंद लिहीत होतो तोवर तू बटण दाबलंस. मग पडद्यावर गर्दी दिसली आणि तू सरांच्या खोलीकडे पळालीस. वही उघडीच राहिली.

प्राध्यापिका : पेन दे. आता करते.

चष्मेवाला : नको.

प्राध्यापिका : का? माझीच चाचणी आहे.

चष्मेवाला : निकाल कळल्यावर केलेली सही धरत नाहीत. नियम आहे. राहू दे तशीच. ती जागा रिकामी आहे हेही खरंच आहे.

प्राध्यापिका : ...बरं.

बायको : फोन करा आधी. ती पोर बसली असेल तिकडे.

प्राध्यापिका : इथूनच करते. हॅलो. हो, मीच. ऐक. तीन नाही लिहायचं. तू किती केल्यास? नाही, सापडलेल्या नाही, सगळ्या. नुसतं बघितलेलंही धर. थांबते मी, मोज... एकोणचाळीस. मग एकोणचाळीस लिही. मग चारशेत एकाचं दहात एक होईल. हो, म्हणजे काही नाही. हो बाळ, पाच वर्षांनी. नाही, तुझी चूक नाही. माझ्या पेपरातलं तीन खोटं आहे. चुकून नव्हे, खोटं. चौसष्ट होत्या. वही आहे माझ्यासमोर, पानपान आहे. उद्या मी छापायला पाठवतेय ते, माझ्या सहीने. तुझ्या प्रबंधात आधी तेच येईल, आणि मग ते बारा. बारा हेही उत्तर आहे, आणि ते आपण नीट काढलंय... रड. रडून घे. मी चार वाजेपर्यंत येते... हं. ठेवते.

बायको : पाणी आणू?

प्राध्यापिका : नको. वहिनी, ती म्हणाली, मॅडम, मग तुमचं काय होईल? पाच वर्षं माझ्यामुळे फुकट गेली आणि ती माझं विचारतेय.

बायको : मग तिला सोडू नका. नवा विषय द्या, हाताला धरून पुढे न्या. यांना धरून ठेवणारं तेव्हा कुणी नव्हतं.

प्राध्यापिका : वही नेऊ का मी? सगळ्या पानांच्या प्रती काढून परत आणते.

चष्मेवाला : ने. मागची पानंही काढ प्रतीत. अर्धी वही दिली तर पुन्हा कुणीतरी विचारेल, कशावरून.

प्राध्यापिका : तुझं नाव घालते त्यात. मोजणी तुझी होती असं.

चष्मेवाला : घाल. आणि हेही घाल, की वही इथे बावीस वर्षं होती, आणि मी दिली नाही.

प्राध्यापिका : ते कशाला? ते कुणी विचारणार नाही.

चष्मेवाला : ज्यांनी विचारायचं त्यांनी विचारलं. बस आता, डावा डोळा राहिलाय. तक्ता बदललाय. वहिनीला म्हण पडदा ओढायला.

बायको : ओढते. मी इथेच आहे.

(पडदा ओढला जातो. खोलीत फक्त तक्ता उजळलेला राहतो.)

चष्मेवाला : उजवा झाक. वरून सुरू कर.

प्राध्यापिका : क. ल, स. ह, ब, न.

चष्मेवाला : पुढची.

प्राध्यापिका : पहिलं अक्षर... त असावं.

चष्मेवाला : असावं?

प्राध्यापिका : नाही. दिसत नाहीये.

चष्मेवाला : बरं. सरही इथेच थांबले होते.